अकरा इंची पॅड

“बारा,” तपासनीस म्हणाला आणि मोजपट्टी तशीच पॅडवर धरून ठेवली. “अकराच्या वर चालत नाही. हे पॅड बाद.”

प्रशिक्षक संघपालनं स्वतः वाकून पाहिलं. डावं बारा, उजवंही बारा. आइस हॉकीतल्या गोलकीपरच्या पायावरचं पॅड अकरा इंचांहून रुंद नको, हे त्यानं तनुजाच्या वडिलांना चार वेळा तोंडी सांगितलं होतं. पाचव्यांदा लाल पेनानं कागदावर लिहून दिलं होतं. आता पाऊण तासात राज्याच्या संघाची निवड चाचणी सुरू होणार होती आणि त्याची एकुलती एक गोलकीपर तनुजा पॅडविना बाकावर बसली होती.

तिचे वडील कडुबा शेजारीच उभे होते, गळ्यात टेप अडकवून. कडुबा गुलमंडीतल्या एका दुकानासाठी शाळेचे गणवेश शिवायचा. पुण्याहून उसने आणलेले पॅड परत गेले, नवे शहरात मिळेनात, तेव्हा त्यानंच फोम आणि रेक्झिन आणून हे शिवले होते. शिवण इतकी पक्की, की तपासनीसही दोनदा हात फिरवून बघत होता. माप तेवढं चुकलेलं.

“मामा, मी किती सांगितलं होतं?” संघपालनं विचारलं.

“अकरा.”

“मग?”

“एका इंचानं काय बिघडतंय, सर?” कडुबा म्हणाला. “तुमचा गोल सहा फूट रुंद, चार फूट उंच. एवढं भगदाड पोरीनं आडवायचं, आन् पॅड मात्र आकराच इंच. लई आजब कायदा हाय.”

संघपालनं कपाळाला हात लावला. या माणसानं आठ महिने त्याचं डोकं खाल्लं होतं. गोलपुढचा निळा अर्धगोल गोलकीपरचा, तिथं तिला धक्का देऊन केलेला गोल धरत नाहीत, असं सांगितलं की हा विचारायचा, मग बाकीची पोरं तिथं जातातच कशाला? चेंडूऐवजी असते ती चकती नुसती रेषेवर टेकून भागत नाही, अख्खी पार गेली तरच गोल, असं सांगितलं की म्हणायचा, अर्धी गेली तर अर्धा द्या. आणि एवढं सगळं विचारून झालं की शेवटी ठरलेलं वाक्य यायचं, “आसू द्या. मार्चला धाव्वी झाली की ह्ये समदं बंद.”

त्या वाक्याची मात्र संघपालला धास्ती होती. गारखेड्याच्या या सिमेंटच्या रिंकवर तो दहा वर्षं पोरांना चाकांवर हॉकी शिकवत होता. अशी गोलकीपर त्याला कधी मिळाली नव्हती. खरा बर्फ तनुजानं एकदाच पाहिला होता, आणि त्या दिवशी तिनं एकही गोल होऊ दिला नव्हता. आज निवड झाली तर जानेवारीत ती राष्ट्रीय स्पर्धेसाठी लडाखला जाणार होती. तिथून पोरगी पदक घेऊन आली की बापाचं मन वळेल, एवढीच त्याची आशा होती. ती बापानंच एका इंचात घालवली होती.

कडुबानं कुणाला काही न विचारता पिशवीतून ब्लेड आणि दाभण काढलं. पायरीवर बसून त्यानं एका पॅडची शिवण सरासर उसवली, आतला फोम इंचभर कापला, रेक्झिन आत दुमडलं आणि टाके घालायला सुरुवात केली. वरच्या टोकालाही रेक्झिनची जाड घडी दिसत होती.

“ही घडी कसली?” संघपालनं विचारलं.

“वाढत्या मापाचं शिवलंय. उंचीला दोन इंच, रुंदीला एक.”

“मामा, हा काय शाळेचा गणवेश आहे?” संघपालचा आवाज आता चढला. “पोरगी सहा फूट झाली तरी पॅडची रुंदी अकराच राहणार.”

“ते मला काय ठाव? समदे आईबाप सांगत्यात, वाढत्या अंगाचं शिवा. हाताला तीच सवय.” कडुबानं तपासनिसाकडं मान वळवली. “सायेब, उंचीचं तरी चालंल का?”

“उंची पायाच्या मापानं ठरते,” तपासनीस म्हणाला. “पाय वाढला तर वाढवा.”

“घ्या,” कडुबा म्हणाला. त्यानं ते पॅड पुढं सरकवलं आणि दुसरं मांडीवर घेतलं.

तपासनिसानं मोजलं. अकरा. तनुजानं खाली बघतच ते पायाला बांधलं. चाचणीला वीस मिनिटं उरली होती. दुसऱ्या पॅडची शिवण उसवता उसवता कडुबाच्या कपाळावर घाम आला होता, पण संघपालचा वैताग काही केल्या उतरत नव्हता.

“एवढं कापड कुणी सोडतं का आत?” तो म्हणाला.

“राहू द्या ना, सर,” तनुजा पट्टा आवळत म्हणाली. “मार्चपर्यंत तर खेळायचंय. मला हे आहेत तेच पुरतात.”

संघपालला तिच्याकडं बघवेना, म्हणून तो पुन्हा बापावरच घसरला. “मामा, खरंच सांगा, किती वर्षांचा अंदाज धरून शिवलंत हे?”

कडुबानं दोरा दातानं तोडला.

“चार-पाच तरी,” तो वैतागून म्हणाला. “दरसाली नवे कोण शिवत बसंल?”