दोन काळे किडे

मागच्या महिन्यात आमच्या कुंडलिकचा माईक हातात धरला आणि पुढाऱ्याला करंट बसला. उद्या गिरणीच्या गेटवर पुन्हा सभा. आता काही झालं तर कुंडलिकच्या माईक-भोंग्याच्या दुकानाची पायरी कुणी चढणार न्हाई.

त्यानं मुंबईच्या जुन्या बाजारातनं दोन काळे किडे आणले होते. ऑप्टोकपलर म्हणं, माईकच्या मशिनीत बसवायचे बारके भाग.

"आये, ह्यातनं वीज पलीकडं जात न्हाई, नुसता उजेड जातो. शॉक दोन्हीबी थांबवत्यात. पण एक चपळ हाय आन् एक मंद. मंदातनं शब्द गिळल्यागत येतो. नंबर पुसल्यात, आता ऐकूनच ठरवायचं."

"मग सोजरला विचार की. बायको कशाला केलीस?"

"तिला काय कळतंय? भजनात एक टाळ चुकला तर तू वळून बघायचीस. तुझा कान खरा."

माईकनं तोंड झाकून तो आधी एक किडा जोडून बोलला, मग दुसरा. मग माझ्याकडं बघत राहिला. मी डोळे बारीक केले आणि मुद्दाम वेळ घेतला.

"दुसरा. पहिल्यात तोंडात घास धरून बोलतोस."

माझ्या पाया पडून त्यानं दुसराच बसवला.

सव्वीस वर्षं गिरणीच्या मागांवर काढल्यावर माझ्या कानात काय उरलंय आन् मी नुसते ओठ बघून बोलते, हे घरात एकट्या सोजरला ठावं हाय. आणि त्याच्या पाठीमागं उभी राहून तिनंच मला दोन बोटं दाखवली होती.