धुणं

तांब्याच्या भट्टीतल्या धुरापासून ॲसिड बनवतात, त्या प्लांटवर गुरुप्रसाद कामाला होता. सुती कपड्यावर ॲसिड उडालं तर लगेच कळत नाही. कपडा पाण्यात पडला की तिथे भोक उघडतं. त्यामुळे त्याच्या शर्टाची भोकं आधी दिसायची ती त्याच्या बायकोला, तेजलला, परसात धुणं धुताना.

एकदा शर्टाच्या पाठीवर पाच भोकं निघाली. बोटं टेकवल्यासारखी.

"अहो, पाठीवर हात कोणी ठेवलान तुमच्या?"

"कोण ठेवणार? माझ्या मागे भिंत असते गो," तो हसला.

पुढच्या धुण्याला दुसऱ्या शर्टावर तशीच पाच भोकं निघाली, खांद्यावर. त्याच्या पुढच्या धुण्याला छातीवर, डाव्या बाजूला. तेव्हा तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेलाच नाही, पांघरूण घेऊन पडून राहिला.

त्या मळभाच्या दुपारी तेजलने त्याचा घरातला बनियन धुतला आणि उजेडात धरून पाहिला. धड होता. तिचा जीव भांड्यात पडला. उकाडा मरणाचा होता, म्हणून उरलेलं तांब्याभर पाणी तिने स्वतःच्या खांद्यावर ओतून घेतलं.

गाऊन भिजला, आणि खांद्यावर एकेक करून चार भोकं उघडली.

अंगठ्याचं तेवढं दिसेना. ते मागे, पाठीवर, गार लागत होतं.