रंध्याची किंमत

वडील गेल्यावर त्यांचा सुतारकामाचा रंधा धाकट्या भावानं न विचारता नेला, तेव्हा माझं डोकंच फिरलं. पोलिसांनी मनावर घ्यावं म्हणून तक्रारीत किंमत ठोकून दिली, पन्नास हजार. राग उतरला, पण खटला आता सरकारचा होता. मला मागे घेता येईना. ओळखीच्या एक वकीलबाई म्हणाल्या, “पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल तर तुरुंग टळतो. कोर्टात खरी किंमत सांगा.” मी सांगितली. “साहेब, पातं झिजलंय, मूठ तडकलीय. भंगारवालाही घेणार नाही.” समोर टेबलावर रंधा होता; मुठीवर वडिलांच्या अंगठ्याचा खळगा अजून तसाच. न्यायाधीशांनी भावाला विचारलं, “ही किंमत मान्य आहे?” हो म्हटलं की त्याचा तुरुंग टळणार होता. त्यानं कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “नाही साहेब. दादानं आधी लिहिली, तीसुद्धा कमीच आहे.”