आडवी गाडी

"रोज सकाळी सातला गाड्या कशानं अडतात, ते मला परवा कागदावर हवं," असं कचेरीत साहेब म्हणाले तेव्हा जयतीर्थनं नुसती मान डोलावली. खोळंब्याचं कारण त्याला ठाऊक होतं. सांगायची लाज वाटत होती.

दुर्गदबैल चौकाच्या अलीकडचं ते वळण आधीच अरुंद. कापसाच्या गाड्या, टांगे, हातगाड्या आणि अलीकडं सुरू झालेल्या लॉऱ्या, सगळ्यांना स्टेशनाकडं जायचं तर तिथूनच. तिथं पाव तास खोळंबा झाला की मागं अर्धं हुबळी तुंबायचं. कापसाची मालगाडी चुकायची, मास्तर घामाघूम होऊन शाळेत पोचायचे. गेल्या आठवड्यात तर दवाखान्याच्या वाटेवर एक बाई टांग्यातच बाळंत झाली आणि मूल हाती लागलं नाही. गावात बोंब उठली, म्हणून ही चौकशी. आणि चौकशीचा कारकून जयतीर्थ.

तो दोन दिवस वही घेऊन वळणावर उभा राहिला. दोन्ही दिवस तेच. सातला महादेवाची सरपणाची गाडी यायची आणि ऐन वळणावर रस्त्यात आडवी होऊन थांबायची. महादेव मूळचा अळणावरकडचा, वखारीच्या फेऱ्या मारून पोट भरणारा. गाडी थांबली की विहिरीकडून जयतीर्थचे वडील, बाळाचार्य, ओलेत्यानं निघायचे. खांद्यावर पूजेच्या पाण्याची घागर, ओठांत कसलासा जप, पावलं अगदी मोजून-मापून. "सोवळ्यात आहे, दूर व्हा, शिवू नका," असं खड्या आवाजात ओरडत ते रस्ता ओलांडून समोरच्या मारुतीच्या देवळात जायचे. ते पायरी चढले की महादेव बैलांना हाकायचा.

एका म्हाताऱ्याला विटाळ होऊ नये म्हणून सारं गाव खोळंबतं, आणि तो म्हातारा आपला बाप. जयतीर्थला मान वर करवेना.

वर्षभरात अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, सोवळ्याला काही धरबंधच राहिला नव्हता. कुणी हात धरायला गेलं तर ते हिसडा मारत. पानात मिठाची जागा, चटणीची जागा एक बोटभर हलली तरी भरल्या पानावरून उठत. जयतीर्थची बायको शकुंतला दोनदा रडली होती. पोथी तर त्यांनी उघडायचीच सोडली. पाठ आहे ते उघडायचं कशाला, असं म्हणत.

जयतीर्थनं भीत भीत सुचवलं, की अप्पांनी तासभर आधी जावं, तेव्हा रस्ता मोकळा असतो.

"माझ्या देवाची वेळ तुझी कचेरी ठरवणार का रे?" अप्पा म्हणाले. मग हळू आवाजात म्हणाले, "महादेवाला मात्र काही बोलू नकोस."

आता वडिलांचं नाव साहेबांपुढं कसं ठेवायचं? सोवळ्यापायी मूल गेलं, असं गावानं तोंडावर म्हटलं असतं. जयतीर्थनं सरळ महादेवाला गाठलं आणि गाडी का थांबवतोस म्हणून विचारलं. महादेवानं बैलाच्या पाठीवरून हात फिरवला.

"बैल बसतोय बगा, अण्णा. तेचंच लिवा," तो म्हणाला. "आचार्यास्नी मधी घालू नगासा. म्या शब्द दिलाय."

कसला शब्द, ते जयतीर्थनं विचारलं नाही. सोवळ्यात शिवणार नाही असा असेल, दुसरा कसला असणार? त्याला सुटल्यासारखं झालं, आणि सुटल्यासारखं झालं याची लाज वाटली. त्यानं लिहिलं: महादेव गाडीवान, बैल अडेल, हाच खोळंब्याचा दोषी.

हुकूम लगेच निघाला. महादेवानं गावात गाडी आणायची नाही, अमरगोळच्या बाजूला वेशीबाहेरच थांबायचं. वखारीचं काम गेलं म्हणजे त्याच्या चुलीतच पाणी पडलं. संध्याकाळी शिपाई त्याला बाहेर काढत होता तेव्हा जयतीर्थ पिंपळाआड उभा होता. महादेवानं त्याला बरोबर हेरलं.

"अण्णा, उद्या सकाळी आचार्यांच्या वक्ताला तुमी सोता वळणावर हुबा ऱ्हावा," एवढंच तो बोलला. "इसरू नगासा."

टोमणा तो, दुसरं काय. आपल्या खोट्याचं फळ डोळ्यांनी बघ, असंच त्याला म्हणायचं असणार. जयतीर्थनं तो गिळला.

सकाळी तो वळणावर गेला खरा, पण साहेबांनीच बोलावलं होतं म्हणून. साहेब देवळाच्या बाजूला छडी टेकून उभे होते. सात वाजले. गाड्या अडल्या नाहीत. टांगे सुसाट गेले, हातगाड्या गेल्या, कापसाच्या गठ्ठ्यांनी लादलेली एक लॉरी भोंगा वाजवत वळणाकडं येऊ लागली. गाडीवानांना आता कुणासाठी थांबायचं नव्हतं.

"शाबास," साहेब म्हणाले. "एका ओळीत गावाचा रस्ता मोकळा केलास."

जयतीर्थला हसू आलं नाही. त्यानं समोर पाहिलं. पलीकडे, विहिरीच्या बाजूला अप्पा उभे होते, खांद्यावर घागर, कपाळावरचं गंध भुवईकडं कललेलं. मान किंचित तिरपी करून ते कान देत होते. मग त्यांनी तोंड फिरवलं, पण येणाऱ्या लॉरीकडं नाही, तर वळणातल्या त्या रिकाम्या जागेकडं.

"महादेवा, आज बैलांचे घुंगरू ऐकू आले नाहीत रे," ते मोठ्यानं म्हणाले. "लावलीस ना गाडी आडवी? रस्त्यात उतरतो बघ. एक, दोन, तीन..."