बळमंत्राचा नियम

"पुन्हा एकाच घावात?" नर्सने हातातले फासे टेबलावर टाकले. "मग आम्ही काय टाळ्या वाजवायला आलोय?"

खेळात प्रत्येकाचं एकेक पात्र होतं, आणि टेबलावर पसरलेल्या नकाशात राक्षस आडवा पडला होता. त्याला लोळवलं होतं बेकरीवाल्याच्या योद्ध्याने, पण खरी करामत मौनीबाबाच्या मांत्रिकाची. त्याचा बळमंत्र लागला की योद्ध्याची ताकद तिप्पट व्हायची. मग नर्सची तिरंदाज आणि मौनीबाबाच्या आतेभावाचा चोर बसायचे तोंड बघत.

मौनीबाबा लिफ्ट दुरुस्त करायचा. बोलताना अडखळायचा, म्हणून बोलणंच टाळायचा. त्यावरून कामावर हे नाव पडलेलं. आतेभावाने त्याला जवळजवळ ओढतच या रविवारच्या खेळात आणलं होतं. मंत्र टाकायला नुसतं कार्डावर बोट ठेवलं की पुरे, हे त्याच्या पथ्यावरच पडलं होतं.

खेळाची सूत्रं बाईंच्या हातात. एरवी त्या शाळेत भूगोल शिकवायच्या. इथे गोष्ट त्यांची, नकाशे त्यांचे आणि नियमही त्यांचेच. बळमंत्राने मात्र त्यांच्या नाकी नऊ आणले होते. मंत्राचा जोर ठेवला तर बाकीचे बिनकामाचे, कमी केला तर मांत्रिकच बिनकामाचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

पुढच्या रविवारी मौनीबाबा पोचला तेव्हा बाई आणि बेकरीवाला दोघेच बसलेले होते. बेकरीवाल्याने मान वर केली नाही.

"नवा नियम," सगळे जमल्यावर बाई म्हणाल्या. "बळमंत्र यापुढे मोठ्याने बोलून दाखवायचा. चार ओळी, दर वेळी नव्या. बोलणं संपेपर्यंत शत्रू पुढे येत राहणार. आणि मध्ये थांबलं की मंत्र मोडला."

नर्सला राहवलं नाही. "बाई, हे बरोबर नाही हं."

"नियम सगळ्यांना सारखा."

"मग अडखळणं म्हणजे थांबणं नव्हे, एवढं तरी ठरवा. सोडून दिलं तरच मंत्र मोडला."

बाईंनी मौनीबाबाकडे पाहिलं. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"ठीक आहे. तुला दुसरं पात्र घ्यायचं असेल तर घे. किंवा... तुझी मर्जी."

"मां... मां... मांत्रिकच," तो म्हणाला.

पहिला मंत्र पुरा होईतो चहावर साय धरली. बेकरीवाला छताकडे बघत होता, बाई घड्याळाकडे. दुसऱ्या ओळीवर मौनीबाबाची जीभ अशी काही अडली की आतेभावाने टेबलाखाली मुठी आवळल्या. पण त्याने ओळ सोडली नाही.

मग तो सराव करू लागला. लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वरखाली होते, त्या विहिरीत खाली उतरला की वर कुणी नसायचं. अंधाऱ्या भिंतींना तो मंत्र ऐकवायचा, भिंती तोच अडखळत परत करायच्या. त्याला हसू यायचं.

"ऊठ ग... गड्या," एका रविवारी त्याने बेकरीवाल्याला मंत्र दिला, "कणीक जशी तुझ्या हाताला म... मऊ, तसा हा दगड होवो!" बेकरीवाल्याचं छताकडे बघणं त्या दिवशी थांबलं.

आणि खेळही रंगला. मंत्र पुरा होईपर्यंत शत्रूला रोखून धरायला आता तिरंदाज हवी होती, चोर हवा होता. पारडी सारखी झाली. नर्स फासे फेकण्याऐवजी फुंकर मारून टाकू लागली.

एका सकाळी दवाखान्याच्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक म्हातारी होती. अशा वेळी जोडीदार फोनवरून आतल्या माणसाला धीर द्यायचा आणि मौनीबाबा हाताने चाक फिरवून लिफ्ट खाली घ्यायचा. त्या दिवशी जोडीदार तापाने फणफणलेला. मौनीबाबा एकटाच.

वरच्या यंत्रखोलीत त्याने फोन उचलला. म्हातारी रडत होती. दार खरवडल्याचा आवाज येत होता. ते दार उघडून ती बाहेर पडायला गेली असती, तर थेट विहिरीत.

"दा... दा... दार..."

"कोण बोलतंय? नीट बोला की हो!"

अशा वेळी फोन खाली ठेवून द्यायची त्याची जन्माची सवय. त्याने ठेवला नाही.

"दार उ... उघडू नका आजी. मी आ... आहे. खाली ब... बसा. मी बोलतोय तोवर तु... तुम्हाला काही होणार नाही."

फोन खांद्याशी दाबून तो चाक फिरवत राहिला आणि बोलत राहिला. सुचेल ते बोलला. लिफ्ट खालच्या मजल्याला लागली. त्याने धावत खाली येऊन दार उघडलं, तेव्हा म्हातारीने त्याचे काळे, ग्रीस लागलेले हात आपल्या हातांत धरले. "अडखळत होतास बाळा," ती म्हणाली, "पण सोडून नाही गेलास."

त्या रविवारी मौनीबाबा पेढ्याचा बॉक्स घेऊन आला. सगळी हकीकत त्याने स्वतः सांगितली. वेळ लागला, पण कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. मग तो बाईंकडे वळला.

"आजवर सगळ्यांनी मला स... सूट दिली. तुम्ही दिली नाहीत. तुमचे उपकार फि... फिटणार नाहीत, बाई."

नर्सने डोळे पुसले. "आणि मी मेली भांडत होते तुमच्याशी!"

"माझं काही नाही रे त्यात," बाई म्हणाल्या. नकाशाची गुंडाळी त्यांना काही केल्या जमेना. मौनीबाबाने वाकून त्यांना नमस्कार केला, तेव्हा त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

जिना उतरताना आतेभाऊ खुशीत होता. "पण काय रे, तो नियम बाईंनी मुद्दाम तुझ्यासाठी केलाय, हे तुला कळलं तरी कधी?"

"त... त्याच दिवशी. मी दारात होतो, आणि बाई बे... बेकरीवाल्याला सांगत होत्या," मौनीबाबा शांतपणे म्हणाला, "'असा नियम लावते, की तो आ... आपणहूनच यायचा बंद होईल.'"