मळ खाणारी वडी

“हे ऐकलंत तर तुम्ही मला वेड्यात काढाल, म्हणून आजवर कोणाला सांगितलं नाही,” कढईवाले काका म्हणाले आणि पालथ्या पिंपावर ऐसपैस बसले. प्रत्येक गोष्टीच्या आधी ते असंच म्हणत.

साबणाच्या कारखान्यात वड्या निवेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, अशी रीत होती. गरम वडीला कागद चिकटतो. तेवढा वेळ पॅकिंगच्या बायका लांबलचक टेबलाशी बसून राहायच्या आणि काका थापा मारायचे. आज मात्र कोणाचं लक्ष लागत नव्हतं. भिंतीलगत नवं मशीन येऊन उभं होतं, अजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. वड्या थंड करणार तेच, कागदात बांधणारही तेच.

काकांची पुतणी या टेबलाची मुकादम होती. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं. आमचं पुढे काय, हे तिने मालकीणबाईंना कितीदा तरी विचारलं होतं. बाई नुकत्याच कुठल्याशा मोठ्या परिषदेहून परतल्या होत्या. दरवेळी त्यांचं उत्तर एकच, “अगं, आपण सगळे एक कुटुंब आहोत.”

“वाटण्या कुटुंबातच होतात गं,” टेबलाशी शेजारी बसणारी तिला म्हणाली होती.

“काका, सांगा काहीतरी,” पुतणी म्हणाली. “डोक्यात नुसतं ते मशीन फिरतंय.”

“तर थोरल्या मालकांच्या, म्हणजे आपल्या बाईंच्या वडिलांच्या, डोक्यात एकदा पर्यावरण शिरलं. साबण झिजतो म्हणजे वाया जातो, म्हणे. न झिजणारी वडी काढा. मी कढईत काय टाकलं ते विचारू नका. वडी झाली. झिजायचं नाव घेईना. उलट मळ खाऊन फुगायला लागली.”

“फुगायला?”

“माझ्या मेहुण्याकडची महिन्याभरात उशीएवढी झाली. तो मुळात अंघोळीचा आळशी, वडीची चैनच झाली. एका गॅरेजवाल्याची तर न्हाणीघराच्या दारातून बाहेर निघेना. शेवटी चौकट काढली.”

टेबलाभोवती खसखस पिकली.

“मग नवा साबण घेणार कोण?” पुतणी म्हणाली. “खप बसला असेल की.”

“साफ बसला. मालकांना नव्या शोधाबद्दल हार घातला लोकांनी. तो गळ्यात घालून ते गोदामात फेऱ्या मारत होते. आणि मग एकेक गिऱ्हाईक फुगलेली वडी डोक्यावर घेऊन परत यायला लागलं. या टेबलावरच्या बायकांनी सुऱ्या घेतल्या आणि वड्या तासून द्यायला सुरुवात केली. धंदाच पालटला. साबण विकण्यापेक्षा तासण्यात कमाई जास्त. लगेच मालकांच्या मनात आलं, तासायला मशीन आणू.”

एवढ्यात काकांना दारात मालकीणबाई दिसल्या. मशीनचं प्लॅस्टिक कापायला त्या स्वतः कात्री घेऊन आल्या होत्या. वडिलांची गोष्ट कानावर पडली म्हणून चौकटीला टेकून कौतुकाने ऐकत होत्या.

काकांच्या मनात ही गोष्ट खरं तर फुगलेल्या वडीने कारखान्याचं छप्पर उडवून संपायची होती. काकांनी ते छप्पर जागच्या जागी राहू दिलं.

“पण मशीन आणायच्या आधी,” ते सावकाश म्हणाले, “थोरले मालक या टेबलाशी आले. इथे, या बाकावर बसले. म्हणाले, बायांनो, मशीन आलं की तुमचे हात रिकामे होतील. त्या हातांना कुठलं काम द्यायचं, ते तुम्ही सांगा. तुमचं ठरेपर्यंत मी मशीन मागवत नाही.”

कोणी हसलं नाही. पुतणी टक लावून बाईंकडे बघत राहिली. सगळं टेबलच तिकडे बघायला लागलं.

बाई मात्र खळखळून हसल्या. आत येऊन त्यांनी काकांच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला.

“काका, वडी फुगली इथपर्यंत मी ऐकून घेतलं. पण ही मात्र शुद्ध थाप हं. मशीन आणताना कधी कोणी कामगारांना विचारत बसतं का?”