नाव ऐकायचं राहिलं

जॅमर माझ्या हाती आल्यापासून मेसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसत नाही. बटण दाबलं की ड्रोन पडतं, पण छावणीतले सगळे फोनही कट होतात.

आज दुपारी भोइटेच्या लेकीचं गावाकडे बारसं होतं. तो ते फोनवर बघत असतानाच माझ्या पडद्यावर ठिपका आला. मी बटण दाबलं. कुंपणापलीकडे ड्रोन पडलं. थर्माकोल, चिकटपट्टी आणि नारळाएवढा बॉम्ब.

भोइटे माझ्या मनोऱ्याखाली येऊन उभा राहिला. "आत्या पाळण्यात वाकली, कुर्रर्र केलं, आणि गेलं सगळं. नाव ऐकायचंच राहिलं." मग वर बघून म्हणाला, "तुझा कधी फोन कट झालाय का रे?"

जॅमर देताना साहेबांनी एकच विचारलं होतं, "घरून कुणाचा फोन येतो का?"

मी नाही म्हणालो होतो.